टाळी वाजवण्याआधी

मागच्या वर्षी आमच्या पुतण्याचं लग्न झालं. बेळगावातच, टिळकवाडीतल्या एका हॉलमध्ये. रात्रीचं जेवण आमच्यात नाही, त्यामुळे दिवस मावळायच्या आत पंगती उठल्या होत्या. निपाणी, सांगली, कोल्हापूरकडची पाहुणेमंडळी कुंद्याचे डबे पिशवीत घालून निवांत खुर्च्यांवर बसली होती. पोटं भरलेली, गाड्यांना अजून वेळ. अशा वेळी माणसांना काहीतरी बघायला हवं असतं, आणि त्या दिवशी ते बघायला मिळालं.

नवऱ्यामुलाचा एक मित्र स्टेजवर चढला. आधी दोन-चार गमतीच्या गोष्टी सांगितल्या, मग माइक हातात घेऊन करवलीचं नाव घेतलं. करवली म्हणजे नवऱ्यामुलाची धाकटी बहीण, माझी पुतणी. ती माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मी हसत हसत तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ढकललं, "जा की ग, बोलावतोय तर!" ती स्टेजवर गेली. तो मुलगा एका गुडघ्यावर बसला, खिशातून डबी काढली, आणि मागच्या मोठ्या पडद्यावर दोघांचे चेहरे घराएवढे दिसायला लागले. त्याचे मित्र खालून ओरडत होते, "हो म्हण, हो म्हण!" चारशे माणसं उभी राहिली. फोन वर झाले. पुतणीनं मान हलवली. टाळ्यांनी हॉल भरून गेला. सगळ्यात जोरात टाळ्या कुणी वाजवल्या असतील, तर मी.

रात्री साडेअकराला मी ओटा पुसत होते. ती मागच्या दारातून आली, पाटावर बसली. साडी तशीच, हातातली अंगठी तशीच. म्हणाली, "मोठ्या काकू, मी हो म्हटलं का?"

मला वाटलं, लाजतेय. म्हटलं, "म्हटलंस की. आम्ही सगळ्यांनी बघितलं."

"मला आठवत नाही," ती म्हणाली. "मला फक्त एवढं आठवतंय, की पुढच्या रांगेत आजी उभी होती, काठी सोडून. दादाचं लग्न होतं. त्याच्या लग्नात मी नाही म्हणणार होते का?"

मग ती रडायला लागली. मुलगा वाईट आहे, असं तिचं म्हणणं नव्हतं. चांगलाच आहे. बोलायला, वागायला नीट. दोन-तीन महिन्यांपासून ओळख, अधूनमधून फोन. पण तिला अजून काहीच ठरवायचं नव्हतं. शिक्षण अर्धं होतं, मनही अर्धं होतं. तिला नीट विचार करून उत्तर द्यायचं होतं, आणि ते उत्तर तिच्याकडून आधीच निघून गेलं होतं.

चौथ्या दिवशी तिनं त्या मुलाला फोन करून सांगितलं, मला वेळ पाहिजे, आणि अंगठी परत पाठवली. एवढंच. पण तोवर तो व्हिडिओ गावोगावच्या नातेवाइकांत फिरून आला होता. बायका काय बोलल्या, ते सांगायला नको. "चारचौघांत हो म्हटली आणि मग फिरली." "पोराचं तोंड काळं केलं." "आमच्या वेळी असं असतं तर..." मुलाच्या आईचा फोन मला आला, कारण मी घरातली मोठी. त्या माऊलीनं मला एकच विचारलं, "मग तेव्हाच नाही म्हणायचं होतं ना?"

तेव्हाच नाही म्हणायचं होतं. हे वाक्य मी गेलं वर्षभर मनात घोळवतेय. ऐकायला किती सरळ वाटतं. पण मैत्रिणींनो, खरं सांगा, तिथं "नाही" म्हणायला जागा कुठं होती? समोर गुडघ्यावर बसलेलं पोर, मागं पडदा, खाली चारशे माणसं, आणि पाठीला माझा हात. "नाही" म्हटलं असतं तर त्या मुलाचा सर्वांसमक्ष अपमान झाला असता, भावाच्या लग्नाचा रंग उतरला असता, आणि पाहुण्यांना गाडीत बोलायला विषय मिळाला असता. हे सगळं ओझं एका क्षणात एका मुलीच्या मानेवर ठेवलं, आणि ती मान खाली गेली, तर आपण त्याला होकार म्हटलं.

मला वाटतं, जिथं नकार देता येत नाही, तिथं होकाराला काही किंमत उरत नाही. दुकानदार "घ्याच" म्हणून पिशवीत माल घालतो आणि आपण भिडेपोटी पैसे देऊन बाहेर पडतो, त्याला कुणी आवडीनं केलेली खरेदी म्हणत नाही. तत्त्वार्थसूत्रात चोरीची व्याख्या सांगितली आहे, ती आपल्यातल्या बहुतेकींना पाठ असते: न दिलेलं घेणं म्हणजे चोरी. आपण ती पैशाला, दागिन्याला लावतो. एखाद्याचं "हो" त्यानं दिलेलं नसताना काढून घेतलं, तर ते काय झालं? मुलानं चोरी केली, असं मला म्हणायचं नाही. त्याला वाटलं, आपण देतोय. आपण काही घेतोय, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. पण ध्यानात न येणं, बेसावध असणं, यालाच तर आपल्याकडे प्रमाद म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, ही एका घरातली गोष्ट. सगळीकडे असं नसतं. खरं आहे, नसतं. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये दुबईला आयपीएलचा सामना झाला, चेन्नईचा संघ हरला, आणि सामना संपल्यावर दीपक चहरनं प्रेक्षकांत बसलेल्या जया भारद्वाजला गुडघ्यावर बसून मागणी घातली. तिनं त्याला मिठी मारली, पुढं त्यांचं लग्नही झालं. त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर २०२० मध्ये, सिडनीला भारत-ऑस्ट्रेलिया सामना चालू असताना एका भारतीय चाहत्यानं आपल्या ऑस्ट्रेलियन मैत्रिणीला भर गर्दीत विचारलं. ती हो म्हणाली, मैदानातून ग्लेन मॅक्सवेलनं टाळ्या वाजवल्या. आमच्या घरी हे दोन्ही प्रसंग टीव्हीवर कौतुकानं बघितले गेले. त्या मुली मनापासून हो म्हणाल्या असतील. तसं नव्हतं, असं म्हणायचा मला काहीच अधिकार नाही.

पण ऑगस्ट २०१६ मधला रिओ ऑलिम्पिकचा प्रसंग आठवतो. चीनची हे झी ही मुलगी तीन मीटर स्प्रिंगबोर्डच्या स्पर्धेत रौप्यपदक जिंकली. पदक गळ्यात पडलं आणि तिचाच सहकारी, छिन काय, अंगठी घेऊन पुढं आला. तिनं हो म्हटलं, डोळे पुसले, साऱ्या जगानं ते चित्र बघितलं. ते दोघं वर्षानुवर्षं एकमेकांना ओळखत होते, तेव्हा तिचा होकार खोटा होता असं कोण म्हणेल? तरीही त्यावेळी जगभर एक प्रश्न विचारला गेला, आणि तो मला रास्त वाटतो. वर्षानुवर्षं पाण्यात उड्या मारून तिनं कमावलेला तो दिवस होता. दुसऱ्या दिवशी बातमी पदकाची झाली की अंगठीची? दिवस तिचा, पण त्या दिवसाचं काय करायचं ते दुसऱ्यानं ठरवलं. प्रेमानं ठरवलं, हे मान्य. पण तिला न विचारता ठरवलं.

हे परदेशातून आलेलं खूळ आहे, असं आमच्या स्वाध्यायाच्या गटात एक बाई म्हणाल्या. मला पटलं नाही. "शोले" आपण सगळ्यांनी बघितलाय. १९७५ चा सिनेमा, आणि चित्रीकरण आपल्याच कर्नाटकात, रामनगरला झालेलं. वीरू दारू पिऊन पाण्याच्या टाकीवर चढतो. बसंतीशी लग्न लावून द्या, नाहीतर उडी मारतो. सारा गाव खाली गोळा होतो, आणि शेवटी मौसी हो म्हणते. आम्ही पोटभर हसलो होतो. आजही टीव्हीवर लागला की हसतो. पण त्या टाकीखाली उभं राहून मौसीच्या जागेवरून वर बघा. एक माणूस जीव देतो म्हणतोय, आजूबाजूचे लोक म्हणताहेत हो म्हणून टाका. म्हातारीनं काय करायचं? वीरू चांगला माणूस होता म्हणून ती गोष्ट विनोदी झाली. तो तसा नसता, तरी टाकी तेवढीच उंच असती आणि मौसीला हो म्हणावंच लागलं असतं.

आणि आपल्या पुराणांत बघा. आदिपुराणात काशीच्या अकंपन राजाची मुलगी सुलोचना. तिचं स्वयंवर मांडलं. भर सभा, देशोदेशीचे राजपुत्र. पण तिथं माळ तिच्या हातात होती. विचारणारी ती, आणि उत्तराची वाट बघणारे ते. तिनं जयकुमाराच्या गळ्यात माळ घातली. त्यावर भरत चक्रवर्तीचा मुलगा अर्ककीर्ती याला ते सहन झालं नाही. एवढ्या सभेत आपल्याला डावललं, हा अपमान वाटला, आणि त्यानं युद्ध पुकारलं. एका मुलीनं आपल्या मनानं निवड केली, तर रणांगण! भरतानं मात्र मुलाची बाजू घेतली नाही, चूक त्याचीच मानली. मला त्या गोष्टीतली ही जागा फार महत्त्वाची वाटते. एकांतात ऐकलेला नकार दुखतो आणि पचतो. सभेत ऐकलेला नकार अपमान होतो, आणि अपमानाची परतफेड करावी असं माणसाला वाटायला लागतं. नकार दिलेल्या मुलींच्या वाट्याला काय काय आलं, ते आपण वर्तमानपत्रात वाचत आलोय. २०१३ साली कायदा बदलून अ‍ॅसिड हल्ला आणि पाठलाग हे वेगळे गुन्हे ठरवावे लागले, ते उगाच नाही. हॉलमध्ये गुडघ्यावर बसलेलं आमचं पोर त्यातलं नव्हतं, देवाशपथ नव्हतं. पण मुलीला ते त्या अर्ध्या मिनिटात कसं कळावं? "नाही" ऐकल्यावर हा कसा वागेल, हे बघायची ती जागा नव्हती.

पण दुसऱ्यांच्या पोरांकडे बोट दाखवण्याआधी मला स्वतःकडे बघायला हवं.

१९८४ साली निपाणीत मला बघायला आले तेव्हा सोप्यात अकरा माणसं बसली होती. सगळे पुरुष. मी पोह्यांचं तबक घेऊन गेले. काही प्रश्न झाले. मग थोरल्या काकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "पसंत आहे ना ग?" मी मान खाली घातली. काका म्हणाले, "साखर आणा." आत आई साखर घेऊन उभीच होती. म्हणजे साखर माझ्या उत्तराआधीच वाटीत काढलेली होती.

माझा संसार चांगला झाला. नवरा भला माणूस मिळाला, मुलं मार्गी लागली. म्हणून इतकी वर्षं मी म्हणत आले, की मला विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. पण पुतणीनं त्या रात्री मला विचारलं, "मी हो म्हटलं का?", आणि मला आतून कसंसंच झालं. कारण तोच प्रश्न मला कुणी विचारला असता, तर मलाही उत्तर देता आलं नसतं. पुढं सगळं चांगलं झालं, ही माझी पुण्याई म्हणा, नशीब म्हणा. त्यानं विचारण्याची रीत बरोबर ठरत नाही. डोळे मिटून रस्ता ओलांडला आणि पलीकडे सुखरूप पोचलो, तरी डोळे मिटून ओलांडणं शहाणपणाचं होत नाही.

लग्न लागल्यावर मग "नाव घे, नाव घे." उखाण्याची मजा मलाही आवडते, पाच-पन्नास उखाणे मला येतात. पण आमच्या नात्यातली एक नवरी मुलगी आठवते. ती बोलायला फार भिडस्त होती. बायकांनी दारात अडवून धरलं, नाव घेतल्याशिवाय आत सोडणार नाही. अर्धा तास झाला, तिच्या घशातून आवाज फुटेना. शेवटी तिच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा कुणीतरी म्हणालं, "अग, किती लाजतेय बघा!" ते लाजणं नव्हतं. पण आपल्याला मुलीची प्रत्येक अडचण लाजणंच वाटत आलीय. पोह्यांच्या तबकाजवळ मान खाली गेली तर लाजली, स्टेजवर मान हलली तर लाजली. मुलीच्या मनात काय आहे, हे विचारायचा त्रास या एका शब्दानं आपला वाचवलाय.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी खोटं बोलल्यासारखं होईल.

आमच्या पिढीतल्या बायका चारचौघांतल्या एका प्रेमाच्या शब्दाला भुकेल्या होत्या. माझ्या मिस्टरांनी वीस वर्षं मला पाहुण्यांसमोर नावानं हाक मारली नाही. "अहो, ऐकलं का" एवढंच. रस्त्यानं चालताना दहा पावलं पुढं. म्हणून हल्लीची पोरं सगळ्यांसमोर म्हणतात, की ही मला आवडते, तेव्हा माझ्यासारखीच्या पोटात कुठंतरी गार वाटतं. त्या दिवशी हॉलमध्ये मी एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या, त्यात पुतणीचं सुख किती होतं आणि माझी जुनी भूक किती होती, हे मी आता प्रामाणिकपणे सांगू शकत नाही.

मिस्टर शाळेतून निवृत्त झाले, त्या दिवशी निरोपाच्या भाषणात त्यांनी पहिल्यांदा माझं नाव घेतलं. म्हणाले, मी तीस वर्षं वेळेवर शाळेत पोचलो, ते हिच्यामुळे. बस, इतकंच. मी तिसऱ्या रांगेत होते. वर्षभर ते वाक्य मला पुरलं. आणि आता विचार करते, की तेही चारचौघांत बोललेलंच होतं, मग त्याचं ओझं का झालं नाही? कारण त्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मला उठून उभं राहायचं नव्हतं, उत्तर द्यायचं नव्हतं. मी गप्प बसून ऐकलं, तरी ते वाक्य पुरं होत होतं. कौतुक सर्वांसमोर करावं, प्रश्न मात्र एकट्यात विचारावा. दोघांचं आधी ठरलं असेल, मुलीनं मनानं हो म्हटलेलं असेल, तर मग स्टेज सजवा, पडदा लावा, अंगठी घाला, सारं गाव बोलवा. तो आनंदाचा सोहळा झाला. पण उत्तर माहीत नसताना सोहळा मांडला, तर तो वसुलीचा प्रकार होतो. आणि हे मुलीनं मुलाला विचारलं तरी तेवढंच खरं आहे. आमच्या त्या पोरालासुद्धा मित्रांनी आठ दिवस आधीपासून चढवलं होतं, हे मला नंतर कळलं. माघार घ्यायला त्यालाही कुणी जागा ठेवली नव्हती.

मग सगळ्यांसमोर काही मागायचंच नाही का? मागता येतं. ते कसं, हे मला माझ्या सासूबाईंनी दाखवलं होतं, पण त्याचा अर्थ लागायला इतकी वर्षं गेली.

लग्नानंतरच्या पहिल्याच चातुर्मासात गावात महाराज होते. आमच्या घरी चौका लावला होता. पहाटे चारपासून सोवळ्यात स्वयंपाक, विहिरीचं पाणी, सगळं शुद्धीनं. वेळ झाली तशी आम्ही दारात कलश घेऊन उभ्या राहिलो. महाराज समोरून आले. आम्ही मोठ्यानं बोलावणं केलं, साऱ्या गल्लीसमोर. महाराजांनी आमच्या दाराकडे बघितलं, आणि काही न बोलता पुढं गेले. मनात धरलेला विधी मिळाला नसेल. शेजारच्या घरापुढं ते थांबले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा खटाटोप, एवढी श्रद्धा, आणि सगळ्यांदेखत आपलं दार टाळलं. सासूबाईंच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्यांनी हात जोडले, आणि शेजाऱ्यांच्या चौक्यात मदतीला गेल्या. संध्याकाळी मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "बोलावणं आपलं, थांबणं त्यांचं. त्यांनी थांबलंच पाहिजे असं असेल तर त्याला दान कसं म्हणायचं?"

आपल्या रीतीत याहून मोठं बोलावणं नाही. तेही भर रस्त्यात, मोठ्या आवाजात, सगळ्यांसमोर होतं. पण ज्याला बोलावलं त्याच्या मनातला विधी कुणाला माहीत नसतो, त्यानं पुढं जायचं ठरवलं तर कुणी हात धरत नाही, का म्हणून विचारत नाही, आणि ज्याचं दार टाळलं गेलं त्याला कुणी हसत नाही. साऱ्या गावाला ठाऊक असतं, की पुढं निघून जायची मोकळीक हा त्या रीतीचाच भाग आहे. मुनींचा त्याग कुठं आणि आपल्या मुलामुलींचे संसाराचे विचार कुठं, तुलना करायची नाही. पण मागण्याची एक सभ्य रीत शेकडो वर्षं आपल्या दारात चालत आलीय, आणि आपण आपल्याच मुलींना ती लागू केली नाही, याचं मला वाईट वाटतं.

शेवटी माझ्या टाळीचं.

जपाच्या माळेत १०८ मणी का, हे लहानपणी पाठशाळेत शिकलेलो असतो. मनात योजणं, तयारी करणं, प्रत्यक्ष करणं हे तीन. मन, वचन, काया हे तीन. स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, केल्याला अनुमोदन दिलं हे तीन. आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार. गुणाकार करा, १०८ होतात. म्हणजे त्यातले ३६ मणी एकट्या अनुमोदनेचे. मी इतकी वर्षं माळ ओढतेय, आणि त्या ३६ मण्यांवरून बोट नुसतं सरकत गेलं. अनुमोदना म्हणजे कुणी खून केला आणि आपण शाबास म्हटलं, असं काहीतरी भयंकर मला वाटायचं. टाळी ही अनुमोदना असते, हे मला साठीत कळलं. आणि पाठीला लावलेला हात हे करवणं असतं, तेही.

त्या मुलानं विचारलं, ती त्याची हौस होती. पण चारशे माणसांनी टाळ्या वाजवल्या नसत्या, "हो म्हण" म्हणून ओरडली नसती, तर त्या मुलीला श्वास घ्यायला जागा मिळाली असती. दडपण गुडघ्यावर बसलेल्या एकट्या पोराचं नव्हतं. ते आमचं होतं.

मी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे, मुलाच्या आईला परत फोन केला. म्हटलं, "ताई, तेव्हाच नाही म्हणायचं होतं, हे खरं. पण तिला तसं म्हणता येऊ नये, अशी व्यवस्था आपण सगळ्यांनी मिळून केली होती. मी स्वतः तिला ढकललं. दोष द्यायचाच तर मला द्या." त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझा मुलगा आठ दिवस जेवला नाही हो." मी म्हटलं, "आमची पण नाही जेवली." त्यानंतर आम्ही दोघी फोनवर बऱ्याच वेळ बोललो, स्वयंपाकाचं, गुडघेदुखीचं. दुसरी गोष्ट म्हणजे, आमच्या घराच्या ग्रुपवरून मी तो व्हिडिओ काढायला लावला. दोघा-तिघांनी कुरकुर केली. काढला.

दिवाळीनंतर तो मुलगा आमच्या घरी आला. एकटा, फोन करून, वेळ विचारून. पुतणी आणि तो मागच्या अंगणात बसले. मी आत भाजी निवडत होते, कान देणार नाही असं ठरवूनही थोडं ऐकू आलंच. त्यानं माफी मागितली. मग विचारलं, हळू आवाजात, की पुढं कधी विचार करशील का. ती म्हणाली, "आता तरी नाही. आणि पुढचं मी सांगू शकत नाही."

तो म्हणाला, "बरं."

मी चहा नेऊन दिला. त्यानं तो प्यायला, बशीत कप ठेवला, मला नमस्कार केला आणि गेला. पुतणी दारापर्यंत सोडायला गेली. परत येताना तिचा चेहरा मी मुद्दाम बघितला. लग्नाच्या दिवसापासून पहिल्यांदा तो मोकळा दिसत होता. ती माझ्यासमोर बसली आणि सुरी घेऊन माझ्याबरोबर भाजी निवडायला लागली.